चौदा डिग्रीवरचं औषध

"चौतीस. चौतीस डिग्री. अहो नाशिककर, ही बाटली आहे की न्हाणीघरातला बंब?"

आवाज असा लागला की समोरच्या माडावरचे सगळे कावळे उडाले आणि, खोटं सांगत नाही, एक नारळ खाली पडला. मी चटईवर उठून बसलो. दुपारचे साडेतीन वाजले होते. रात्रपाळी करून श्रीपेरुंबुदूरहून कंपनीच्या बसने सकाळी आलेला माणूस साडेतीनला जिवंत नसतो, हे या गृहस्थांना तीन वर्षं सांगून झालं होतं. ते दारात उभे होते. लुंगीसारखी गुंडाळलेली पांढरी वेष्टी, वर बनियन, एका हातात रेड वाइनची बाटली गळ्याला धरलेली, कोंबडी धरतात तशी, आणि दुसऱ्या हातात थर्मामीटर.

"किल्ली सापडली नाही," मी म्हणालो. "म्हणून फ्रिजच्या वर ठेवली."

"वर? फ्रिजच्या वर? घोडा तबेल्याच्या वर बांधतात काय तुमच्या नाशिकास?"

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की तो राग आज, इतक्या वर्षांनीही, जसाच्या तसा काढून दाखवता येईल. हे गृहस्थ म्हणजे चेन्नईतले माझे घरमालक. सगळी गल्ली त्यांना 'ओनर' म्हणे. दूधवाला ओनर म्हणे, इस्त्रीवाला ओनर म्हणे, त्यांची बायकोसुद्धा तिसऱ्या माणसाशी बोलताना "ओनर वर गेलेत" असंच म्हणायची. तिला गल्ली मामी म्हणे, मीही मामी म्हणे. घराचा खालचा मजला त्यांचा, वरचा माझा. आणि ती बाटली माझी नव्हती, फ्रिज माझा नव्हता, रेड वाइनचा एक थेंब मी त्या घरात कधी प्यालेला नव्हतो. तरी शिव्या मलाच.

शिव्याही साध्या नव्हेत. ओनर तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले, येताना मराठी बरोबर घेऊन आले, आणि तिथे कुठल्याशा थंड कोठीत ठेवून विसरले. त्यामुळे ती टिकली. मला ते "अरे नष्टा" म्हणत तेव्हा शिवी बसल्यासारखं वाटतच नसे, जहागीर जप्त झाल्यासारखं वाटे.

घर मला मिळालं तेही रागातच. मी खोली बघायला गेलो तेव्हा ते ओसरीत बसून वर्तमानपत्राला रागावत होते. मी नमस्कार केला. त्यांनी विचारलं, "गाव कोणतें?"

"नाशिक."

पेपर खाली आला. "म्हणजे द्राक्षें."

"हो. मामाचा मळा आहे," मी म्हणालो. "चाळीस एकर."

मामाच्या परसात एक मांडव होता आणि त्यावर एक वेल होता, त्यालाही द्राक्षं धरायची ती मामाच्या शेजारणीला पुरतील एवढी. पण घर बघायला गेलेला अविवाहित मुलगा खरं बोलला तर त्याला चेन्नईत घर मिळत नाही. ओनरनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "सरी. घर दिलें. एक अट आहे. वरच्या हालात माझा एक फ्रिज आहे, तो तिथेच राहील. त्यास कुलूप आहे. तो तुमचा म्हणून सांगायचा, आणीक त्यास तुम्ही हात लावायचा नाही."

जगात अशा अटीवर घर घेणारा मी एकटाच असेन. माझ्या हॉलमध्ये फ्रिज, तो लोकांच्या लेखी माझा, आणि दूध मात्र मी पातेल्यात, पातेलं परातीत, परातीत पाणी, असं ठेवायचं. एकदा गयावया करून मी अर्धा लिटर दूध त्या फ्रिजमध्ये ठेवायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्याचं पनीर झालेलं. कारण फ्रिज चौदावर होता. कंपनीने तो चारपाच डिग्रीसाठी बनवलेला, ओनरनी त्याची पाठ उघडून आत काहीतरी पिळलं होतं आणि तो बिचारा जन्मभर चौदावर घरघरत होता. न थंड, न गरम. दूध नासतं, लोणी वितळत नाही पण घट्टही होत नाही, आणि रेड वाइन, ओनरच्या भाषेत, 'शहाणी होते'.

हे ज्ञान त्यांना मिळालं होतं कोळंबीकडून. ओनर जन्माने शाकाहारी, मुंजीच्या आधीपासून शाकाहारी, अंड्याचं चित्र असलेलं कॅलेंडर घरात न लावणारे. आणि बत्तीस वर्षं नोकरी केली एन्नोरच्या बाजूला, निर्यातीच्या कोळंबीच्या शीतगृहात, मुख्य इंजिनिअर म्हणून. कोळंबी त्यांनी कधी चाखली नाही. पण ती किती डिग्रीला टिकते, किती डिग्रीला रुसते, किती डिग्रीला जपानी माणूस ती परत पाठवतो, हे त्यांना देवाहून जास्त माहीत होतं. इतर लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला थर्मामीटर. मामीच्या रसमात बुडवत, नळाच्या पाण्यात बुडवत, आणि मी घरात आलो त्या पहिल्या आठवड्यात मला ताप आला तर तोच काढून माझ्या काखेत घालायला निघाले होते. त्यांचं एक वाक्य होतं, ते दिवसातून एकदा तरी यायचंच: "जगात दोनच गोष्टी गरम पाहिजेत, काफी आणीक माणूस. बाकी सगळें थंड ठेवा."

माणूस गरम, या बाबतीत त्यांनी कोणाला बोलायला जागा ठेवली नव्हती.

आता वाइन आली कुठून ते सांगतो. निवृत्त झाल्यावर एके दिवशी त्यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी तपासलं, हृदयाला जपायला हवं म्हणाले, रोज एक गोळी लिहून दिली, संध्याकाळी फिरायला सांगितलं. त्याच महिन्यात कुठल्याशा इंग्रजी पेपरच्या पुरवणीत छापून आलं की लाल द्राक्षाच्या सालीत काहीतरी असतं, ते वाइनमध्ये उतरतं, आणि रोज थोडी घेतली तर हृदयाला बरं असावं. 'असावं' असं छापलं होतं. मी ते कात्रण पाहिलं आहे, ओनरनी वहीत चिकटवलं होतं. फक्त 'असावं' या शब्दावर त्यांनी डिंक जरा जास्त लावला होता.

ते कात्रण घेऊन ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, लोक म्हणतात तसं. पण आजवर प्याला नाहीत तर आता औषध म्हणून सुरू करा असं मी सांगणार नाही, आणि गोळी सोडायची नाही. ओनर उसळले. "म्हणजे आहे की नाही? कोळंबीच्या पेटीवर मी 'बहुधा ताजी' असें लिहिलों असतों तर चाललें असतें काय?" डॉक्टरांनी फी घेतली नाही म्हणतात. घाबरून.

अब्रूदार तंजावरी म्हाताऱ्याने दारूच्या सरकारी दुकानाच्या जाळीत हात घालणं शक्यच नव्हतं. म्हणून नाशिककर. महिन्यातून दोनदा मी त्या जाळीपुढच्या रांगेत उभा राहायचो. पुढे ब्रँडीवाले, मागे रमवाले, सगळा व्यवहार तीन सेकंदांत उरकणारी माणसं. माझी पाळी आली आणि मी "रेड वाइन" म्हटलं की सगळी रांग वळून माझ्याकडे करुणेने पाही. दुकानदार धूळ पुसून बाटली द्यायचा आणि दर वेळी तमिळमध्ये विचारायचा, घरी कोणी आजारी आहे का. मी म्हणायचो, हो.

आणि ते पिणं. ते मी विकायला काढलं असतं तर तिकीट लागलं असतं. बरोबर साडेसहाला जिन्यावर पावलं वाजायची. मामीच्या लेखी ओनर गच्चीवर फिरायला चालले. त्यांच्या हातात स्टीलचा टंबलर, त्यात पाणी, आणि मुठीत ती हृदयाची गोळी, मामीने स्वतः ठेवलेली. "वर जाऊन घेतों," असं खालून ऐकू यायचं. वर आले की पाणी माझ्या गॅलरीतल्या जास्वंदीला. त्या जास्वंदीला अशी फुलं यायची की देवळातून विचारणा झाली. मग कुलूप उघडायचं, बाटलीत थर्मामीटर, "चौदा" असा उच्चार, आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घेऊन दहा झाकणं मोजून टंबलरमध्ये. अकरावं नाही. नववं नाही. मग भिंतीकडे तोंड करून, मान मागे टाकून, टंबलर वीतभर उंच धरून ती लाल धार वरून थेट घशात. ओठाला भांडं लागायचं नाही, उष्टं व्हायचं नाही. वेष्टी पांढरीशुभ्र, आणि तीन वर्षांत एक थेंब तिच्यावर पडला नाही. वाइनचा वास घेणं, ती तोंडात घोळवणं, असले प्रकार त्यांना माहीतच नव्हते. ती जिभेला न शिवताच हृदयाकडे रवाना व्हायची.

एकदा माझे साहेब घरी आले. साहेब पुण्याचे. त्यामुळे त्यांना सगळ्यातलं कळत असे. शिवाय दोन वर्षं ते परदेशी राहून आलेले, त्यामुळे उरलेलंही कळू लागलेलं. त्यांनी स्वतःच एक बाटली आणली, पिशवीतून काचेचे पेलेही काढले, आणि मला म्हणाले, "फ्रिजमध्ये वगैरे ठेवू नकोस हं. रेड वाइन ही रूम टेंपरेचरलाच प्यायची असते."

हे वाक्य संपलं तेव्हा साडेसहा वाजले होते.

"कोणाची रूम?" दारातून आवाज आला.

साहेबांनी वळून पाहिलं. वेष्टी, बनियन, टंबलर. त्यांना वाटलं पाणी घेऊन कोणी आलंय. त्यांनी टंबलर घ्यायला हात पुढे केला.

"हात मागे घ्या. मी विचारतों, कोणाची रूम? तो नियम लिहिला त्याची रूम कुठें होती? बर्फात होती. तो थंडीनें कुडकुडत दगडी वाड्यात बसून लिहितो, रूमच्या उष्णतेस प्या. त्याची रूम सोळा. ही पाहा तुमची रूम." थर्मामीटर साहेबांच्या पेल्यात. "तेहतीस. याला वाइन म्हणत नाहीत, काढा म्हणतात. यात सुंठ घाला, आलें घाला, सर्दीस घ्या."

साहेब हसले. पुण्याची माणसं चूक मान्य करण्याआधी हसतात. "नाही, पण तिचा बुके, तिचा सुवास, कळायला हवा ना," म्हणून त्यांनी पेला गोल फिरवला आणि नाकाशी नेला.

"हुंगता काय? शेपू आहे?"

साहेबांनी पेला खाली ठेवला. माझी बढती त्यानंतर दोन वर्षं लांबली. ओनरमुळेच लांबली असं मी सिद्ध करू शकत नाही, पण मानतो. मात्र त्या रात्री साहेबांना पोचवून परत आल्यावर मी उरलेली बाटली चौदावर ठेवून, ओनरची पाठ फिरल्यावर, एक घोट घेतलाच. आणि राग आणखी वाढला. कारण म्हातारा बरोबर होता. तीच वाइन, जी तेहतीसला तोंडात शाईसारखी चिकटत होती, ती चौदाला द्राक्षासारखी लागत होती. मामाच्या परसातली, सकाळी दव असताना तोडलेली.

(मघाशी म्हणालो की मी त्या घरात एक थेंब प्यालो नाही. हा घोट धरला नव्हता.)

मग तिसऱ्या वर्षी रोज वीज जायला लागली. ठरलेला तास असायचा, पण वीज काही घड्याळ बघून जात नसे. ओनरच्या अंदाजाने तापमान पंधरावर गेलं की खालून हाक. सतरावर गेलं की शिव्या. मी पाळीवरून आलेला, डोळ्यांत अंगार, आणि मला पिटाळायचे बर्फाला. बर्फ मिळायचा मासळीबाजारात. गोणपाटात गुंडाळलेली लादी खांद्यावर घेऊन मी मागच्या जिन्याने यायचो, अंगाला बांगड्याचा वास, आणि खाली सोवळ्यात मामी. "वास कसला रे येतो?" ती विचारायची. "कंपनीचा," मी सांगायचो. श्रीपेरुंबुदूरला आम्ही मोटारी बनवतो की बोंबील, असा प्रश्न तिला पडला असणार, पण तिने तो कधी विचारला नाही. मामी फार प्रश्न विचारत नसे. आता वाटतं, तिला गरजच नव्हती.

बर्फ ठेवायला फ्रिज उघडावा लागे, म्हणून मला एक किल्ली मिळाली होती. दाराच्या आतल्या बाजूला अंड्यांसाठी खळगे असतात. शाकाहारी घरात त्या खळग्यांना काही काम नसतं. यात मात्र प्रत्येक खळग्यात पांढऱ्या, गोल, बारक्या वड्या होत्या. आधी मूठमूठभर, मग खळगे भरत आलेले.

"हे काय?" मी एकदा विचारलं.

"कापूर. वास येऊ नये म्हणून."

मी इंजिनिअर आहे. मोटारीच्या दारातली फट केसाएवढी वाढली तर मला दिसते. त्या कापराला कापराचा वास येत नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. बर्फ आत ढकलला आणि दार लावलं. याचाही राग आहे, आणि हा ओनरवरचा नाही.

एका संध्याकाळी वीज सहालाच गेली. ठरलेल्या वेळेच्या आधी. ओनर हातातल्या टंबलरसकट रस्त्यावर उतरले. कोपऱ्यावर विजेच्या डब्यापाशी दोन लाइनमन उभे होते, त्यांना त्यांनी तमिळमध्ये आणि अधूनमधून बखरीच्या मराठीत असं काही सुनावलं की एक लाइनमन हात जोडून म्हणाला, सार, आम्ही टेलिफोनचे आहोत. ओनर थांबले नाहीत. "मग टेलिफोन करा त्यांना," म्हणाले. गल्ली हसली. मीही वरून हसलो. ते परत वळले, जिना चढायला लागले, आणि सातव्या पायरीवर बसले. टंबलर हातात तसाच. पाणी सांडून वेष्टी भिजली होती. मी खाली धावलो. घाम असा होता की माणूस पावसातून आला म्हणावं.

"एकोणीस जाहली असेल," ते म्हणाले. "बर्फ आणा."

मी रिक्षा आणली.

इस्पितळात त्यांना आत घेतलं, नळ्या लावल्या, दोन तासांनी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वाचले म्हणाल्या. आम्हाला खाटेपाशी नेलं आणि मामीला विचारलं, "गोळी रोज घेतात ना?"

"रोज," मामी म्हणाली. "एक दिवस चुकत नाही. मी माझ्या हातानें देतें." आणि तिने पिशवीतून पाकीट काढलं, पुरावा म्हणून एक गोळी फोडून बाईंच्या तळहातावर ठेवली.

पांढरी. गोल. बारकी.

मी ती पाहिली आणि मान वर केली. ओनर खाटेवरून माझ्याकडेच बघत होते. नाकात नळी, बोलता येत नव्हतं. त्यांनी मान अगदी थोडी हलवली. नाही म्हणून.

तीन वर्षं या माणसाची बाटली मी माझी म्हणून सांगितली. रांगेत उभा राहिलो, बर्फ वाहिला, साहेबांपुढे नाक कापून घेतलं. आणि हा माणूस रोज संध्याकाळी माझ्याच हॉलमध्ये, माझ्याच डोळ्यांसमोर, जगण्याची गोळी अंड्याच्या खळग्यात टाकत होता आणि मला कापूर सांगत होता. उद्या हा मेला असता तर त्या फ्रिजचा मालक कोण? मी. असा संताप झाला की वाटलं ती नळी ओढून काढावी आणि आधी भांडावं.

"घेत नाहीत," मी म्हणालो. "सगळ्या गोळ्या माझ्या हॉलमधल्या फ्रिजमध्ये आहेत. मामी, तिथे ते रोज... ते वाइन घेतात. गोळीऐवजी."

मामी माझ्याकडे वळली. "वाइन मज ठावं आहे. टंबलर कोण घासतें?"

मग ती खाटेकडे वळली. ओनरनी डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. मामी काफी आणायला गेलेली असताना मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तीन वर्षांचं सगळं बाहेर काढलं. नासलेल्या दुधापासून बढतीपर्यंत. परिचारिका दोनदा डोकावून गेली. शेवटी मी विचारलं, "वाइन घ्यायची तर घ्या, कोणी हात धरला होता? गोळी का टाकत होता?"

"पहिला महिना घेतलों," ते म्हणाले. "गोळी घेतली की मज राग येईना. एकदां पाण्याचा टँकर यायचा होता. पहाटे यायचा तो दुपारी आला, निम्मा रिकामा. गल्लीच्या सगळ्या बायका घागरी घेऊन माझ्या तोंडाकडे पाहताहेत, आतां ओनर बोलतील. मी ड्रायव्हरास काय म्हणालों ठावं आहे? 'वांगो' म्हणालों. या म्हणालों. थँक्स म्हणालों. त्या दिवशी आरशात पाहिलें तर कोणी दुसराच. वाइनचें तसें नाही. ती हृदयास जें करायचें तें करते, माणसास हात लावत नाही."

डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं काहींना वाटतं, एका गोळीऐवजी दुसरी देऊन बघता येते, पण आत्ता लगेच नाही. सहा महिने हीच घ्यावी लागेल. आणि वाइन बंद.

घरी आल्यावर मामी गोळी जिभेवर ठेवून, तोंड उघडायला लावून, जिभेखाली बघून मगच हलायची. ओनर निमूट तोंड उघडायचे. ती गोळी काम करत होती यात शंकाच नाही. नाडी सुधारली, रंग आला, जिना चढताना दम लागेना. घर शांत झालं. कावळे माडावर बसून राहू लागले. फ्रिजची पाठ एका मेकॅनिककडून उघडून घेतली, तो चारवर आला, आणि मामीने किल्ली माझ्या हातात दिली. "तुझं दूध ठेव," म्हणाली. दूध चार-चार दिवस टिकायला लागलं. मला ते दूध बघवेना.

एकदा वीज भर दुपारी तीन तास गेली. मी सवयीने चप्पल घालून बर्फाला निघालो होतो. खाली ओनर ओसरीत बसलेले. हातात पंखा. "गरम आहे," म्हणाले, आणि पंखा हलवत राहिले. खिशाला थर्मामीटर नव्हता.

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला आत बोलावलं, पाट दिला, काफी ठेवली. मग हळू आवाजात म्हणाली, "सांबारात मीठ घातलें नाही. तीन दिवस. मुद्दाम."

"मग?"

"जेवले." तिने पदराने कढईची कड पुसली, ती आधीच स्वच्छ होती. "पूर्वी एक खडा कमी असला तर ताट अंगणात जात असे. चाळीस वर्षें मी त्या रागास घाबरलें. आतां ऐकायला कान लावून बसतें. तू काही तरी कर रे कण्णा, बाळा. तुझ्यावर त्यांचा फार जीव आहे, तुज सर्वांत अधिक शिव्या देत."

मी काय करणार होतो? मीच तर सांगितलं होतं. न सांगतो तर ते नसते, सांगितलं तर हे असे. दोन्हीकडून माझीच बाटली.

तरी मी केलं. मे महिना होता, तिकडे अग्निनक्षत्र म्हणतात तो ऐन उन्हाळा चालू, रस्त्यावरचं डांबर चपलेला लागत होतं. मी सरकारी दुकानाच्या रांगेत उभा राहिलो. दुकानदाराने धूळ पुसली, विचारलं, कसं आहे आता घरी. बरं आहे म्हणालो. बाटली आणून फ्रिजच्या वर ठेवली. दिवसभर, खिडकीकडून ऊन येईल अशी. मामीला सांगितलं की साडेसहाला ओनरना वर पाठव. पाजायची नव्हती, एक थेंब नाही. फक्त दाखवायची होती. शेजारी त्यांचा थर्मामीटर ठेवला, मामीकडून मागून घेतलेला.

जिन्यावर पावलं वाजली. हळू, पण दम न लागता. दारात उभे राहिले. वेष्टी, बनियन. टंबलर नव्हता.

मी बाटली उचलून थेट त्यांच्या हातात दिली. ती इतकी तापलेली होती की लेबलाचा डिंक सुटला होता. त्यांनी ती धरली. गळ्याला नाही, दोन्ही हातांनी, खालून.

"ओनर," मी म्हणालो, "तेव्हा तुम्ही उगाच भांडलात. आमचे पुण्याचे साहेब म्हणाले तेच खरं. रेड वाइन रूम टेंपरेचरलाच प्यायची असते."

खाली मामीचं भांडी घासणं थांबलं. थर्मामीटर त्यांच्या हातापासून वीतभरावर होता. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि ती परत फ्रिजच्या वर, होती तिथेच, नीट ठेवली.

"असेल," म्हणाले.